ऐंशीची डिस्क, दहाची वाटणी

वसमतला एका गाळ्यातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी चार वर्षं शिकवलं. माउस कसा धरायचा, चित्रात रंग कसा भरायचा, मराठी टायपिंग, एवढंच. पण बाजारपेठेत माझं नाव झालं ते शिकवण्यामुळे नाही. बंद पडलेला संगणक मॅडमच्या हातून उठतो असा माझा लौकिक होता, आणि त्या लौकिकाचं सगळं गुपित एका काळ्या फ्लॉपीत होतं. आजच्या पोरांनी फ्लॉपी पाहिलेली नसते. तळहाताएवढी चौकोनी प्लास्टिकची पाटी, आत फिरती चकती. हल्लीच्या मोबाइलमधला एक फोटोही तिच्यात मावायचा नाही. पण माझी ही फ्लॉपी बूट फ्लॉपी होती, अठ्ठ्याण्णव सालची. संगणक कितीही मेलेला असो, ती आत सारून चालू केला की घरघर आवाज यायचा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची, आणि आजूबाजूची माणसं एक पाऊल मागं सरकायची. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू.

हळदीच्या हंगामात काम जास्त असायचं. आडतीतले, दुकानातले संगणक आतून पिवळेजर्द व्हायचे. झाकण उघडलं की पंख्यावर भंडारा उधळल्यासारखी हळद. मी पेंटचा ब्रश घेऊन ती झटकायची, शिंकायची, फ्लॉपी घालायची आणि डिस्कची नव्याने वाटणी करून द्यायची. वाटणी हा शब्द माझाच. हार्ड डिस्क म्हणजे संगणकाची सगळी जमीन, पार्टिशन म्हणजे तिचे पाडलेले तुकडे, सी, डी, ई. क्लासमध्ये मी असंच शिकवायचे, आणि पोरांना ते पुस्तकापेक्षा लवकर कळायचं. वाटणी त्यांनी घरी पाहिलेली असायची, भांडणासकट.

तर एका मार्च महिन्यात कुरुंद्याहून एक माणूस क्लासात आला. तिशीचा, पांढरा शर्ट, हातात पॉलिथिनची पिशवी. खुर्चीवर न बसताच त्याने सुरुवात केली.

"मॅडम, आमच्या घरी वाटणी चालू हाय. जमीन झाली, बैलं झाले, भांडे झाले. आता कॉम्प्युटर राहिला."

"मग एकानं कॉम्प्युटर घ्या, दुसऱ्यानं दुसरं काही घ्या," मी म्हटलं.

"तसं न्हाई जमत. दादा म्हणतो मला पायजे. आता दादाला पायजे म्हणल्यावर मला कसा नको?"

"बरं. मग मी काय करू?"

"आतून वाटा."

मी हसले नाही याचं मला अजून कौतुक वाटतं. त्याची बहीण माझ्या क्लासात शिकून गेलेली होती, तिनेच घरी सांगितलं होतं की संगणकाची आतून वाटणी होते आणि मॅडम करतात. म्हणजे पेरलेलं माझंच होतं. मी काळी फ्लॉपी घेतली, नवी निळी फ्लॉपी घेतली, सामान उतरवून ठेवायला एक जुनी छोटी हार्ड डिस्क पंच्यात गुंडाळून घेतली, आणि आम्ही काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसलो. पुढे तिघं, मागे चौदा.

जीपमध्ये त्याने पॉलिथिनची पिशवी मांडीवर सपाट धरली होती, घडी पडू नये म्हणून. आत स्टॅम्प पेपर होता.

"बहिणीच्या हक्कसोडीचा हाय," तो म्हणाला. "कॉम्प्युटरचं निपटलं की ह्याच्यावर प्रिंट काढायची, उद्या सगळ्यांनी वसमतला जाऊन सह्या करायच्या. एकदाच तकलीफ."

बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा आपण भावांना सोडला, असं बहिणीने लिहून द्यायचं, तो हा कागद. आमच्या भागात बहिणी तो हसत करून देतात. न दिला तर माहेरी कोणी नीट बोलत नाही.

"मजकूर कोणी लिहिला?" मी उगाच विचारलं.

"वसमतला एकाकडून लिहून घेतला. टाइप तिनंच केला. आमच्या गावातलं सगळं टायपिंग तीच करते न."

यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही त्या वेळी वाटलं नाही. उलट घरचंच माणूस टायपिंगला, चांगली सोय आहे असंच मनात आलं.

घर रस्त्यालाच होतं. अंगणभर उकडलेली हळद वाळत घातलेली, एका कडेला हळद घासायचा पत्र्याचा मोठा ड्रम, त्याला लावलेलं इंजिन. म्हातारा बाजेवर बसून सगळ्यांवर ओरडत होता. हे आबा. वय सत्तरीच्या पुढे, आवाज विशीतला. मला बघून त्यांनी ड्रम थांबवायला लावला आणि मोठ्या मुलाला हाक मारली. थोरला आला तो आधी धाकट्याकडे संशयाने बघत आला. याने मॅडमला वाटेत काही शिकवून तर आणलं नाही ना, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

बहीण दारात उभी होती. तीन वर्षांपूर्वी ती सासर सोडून आली ती परत गेली नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. क्लासात मागच्या बाकावर बसायची, काही विचारायची नाही, आणि दोन महिन्यांत माझ्यापेक्षा भराभर मराठी टाइप करायला लागली होती. आबांनी तिला हा संगणक घेऊन दिला. तेव्हापासून गावच्या लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सप्त्याची पत्रकं, तांड्यावरून येणाऱ्या बायांचे अर्ज, सगळं तिच्या हातचं. तिचं त्यावर भागायचं. कोणापुढे हात पसरायची तिला गरज पडत नव्हती, आणि घरात हे कोणाला फारसं आवडत नव्हतं.

मधल्या खोलीत टेबलावर संगणक होता, त्यावर क्रोशाचं विणलेलं कापड. मी कापड काढलं तेव्हा दोघं भाऊ माझ्या दोन बाजूंना उभे राहिले आणि आबांनी खुर्ची ओढून मधे बसकण मारली.

"आधी मोजणी," आबा म्हणाले. "मंग वाटणी."

बरोबरच होतं. मी सवयीने काळी फ्लॉपी घातली. घरघर झाली, अक्षरं आली, दोघं भाऊ ठरल्याप्रमाणे एक पाऊल मागं सरकले. आबा मात्र पुढे सरकले. मी डिस्कचं माप मागवलं आणि पडद्यावर आकडा आला. दहा हजार सातशे आणि वर काही. म्हणजे साडेदहा जीबी.

इथे मला थोडं समजावून सांगायला हवं. डिस्क होती ऐंशीची. विकताना ऐंशी म्हणतात, संगणकाच्या मापाने ती साडेचौऱ्याहत्तर भरते. पण माझी काळी फ्लॉपी निघाली तेव्हा एवढ्या मोठ्या डिस्का घरोघरी नव्हत्याच. तिला चौसष्टपर्यंतच मोजता यायचं. त्याच्यावर गेलं की चौसष्ट विसरून ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची आणि उरलेलं सांगायची, आणि तेही अगदी छातीठोकपणे. म्हणून तर मी नवी निळी फ्लॉपी आणली होती, ती बरोबर सांगते. काळी काढून निळी घालायची, एवढंच काम होतं. माझा हात पर्सकडे गेलासुद्धा.

"बाकी मॅडम," थोरला म्हणाला, "दोनच वाटे करा. एक माझा, एक ह्याचा. मधात सामाईक जे काय लागते ते ठेवा."

"आणि ताईचं काम?" मी विचारलं. "तिचं सगळं यातच आहे ना?"

"तिला कशाला वाटा पायजे? आमचं आटपल्यावर बसल, इचारून. न्हाई तरी उद्या ती सगळंच सोडून देऊन राहिली."

हे तो तिच्यासमोर म्हणाला. रागाने नाही, जेवताना मीठ मागावं तसं. धाकट्याने मान हलवली. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्या दोघांचं सकाळपासून एकमत झालेलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं तसं लवकर फिरतं, पण फिरलं की मी ओरडत नाही, मला खोड्या सुचतात. मी पर्समधला हात तसाच बाहेर काढला. निळी फ्लॉपी आत राहिली.

"दहा दिसतंय का?" आबांनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते.

"साडेदहा," मी म्हटलं.

"दुकानदार तर ऐंशी म्हणला व्हता," थोरला म्हणाला.

मला वाटलं, संपलं. आता काहीतरी सांगावं लागणार. पण मला तोंड उघडायची वेळच आली नाही. आबा खदखदा हसले.

"अरे, कागदावर किती बी ऱ्हातं. मोजली की कमी भरते. ओढ्याकडची पट्टी कागदावर चार एकर हाय का न्हाई? मोजणीवाला आला तवा किती भरली?"

"तीन अन् काही गुंठे," धाकटा म्हणाला.

"मंग! जमीन कवा पुरी भरली का कोणाची? ही तर दुकानातून आणली." आणि माझ्याकडे वळून, "व्हय का न्हाई, बाई?"

"तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," मी म्हटलं. हे मी आयुष्यात बोललेल्या खोट्यांपैकी सगळ्यात सभ्य खोटं असावं.

मी हळूच दाराकडे बघितलं. ती रोज त्या संगणकावर बसायची. आत किती जागा आहे ते तिला पाठ होतं, तिला कोणी मोजून दाखवायची गरज नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, भावांकडे बघितलं.

"चहा ठेवते," ती म्हणाली आणि आत गेली.

चहा घेऊन आबा आणि भाऊ अंगणात हळदीकडे गेले तेव्हा मी तिला जवळ बसवलं. वाटणी केली की डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे तिला मीच शिकवलं होतं. मी छोटी डिस्क जोडली आणि म्हटलं, "तुझं काम तेवढं सांग, मी उतरवून घेते." ती एकेक नाव सांगत गेली, मी उतरवत गेले. पत्रिकांची चौऱ्याहत्तर डिझाइनं. एका डिझाइनमध्ये गणपतीला सोंड उजवीकडे, एकात डावीकडे, गिऱ्हाइकाच्या श्रद्धेप्रमाणे. शाळेचं सगळं. अर्जांचे नमुने. शेवटी यादीत एक नाव राहिलं, 'हक्कसोड'.

"हे घेते," मी म्हटलं.

"राहू द्या ते."

"अगं, उद्या लागणार आहे ना?"

"लागणार हाय. पण तुमी म्हणल्या, माझं काम तेवढं सांग." ती पडद्याकडेच बघत होती. "ते माझं काम न्हाई, मॅडम."

मी तिच्याकडे बघितलं. क्लासात मागच्या बाकावर बसून काही न विचारणारी हीच का ती, असा मला प्रश्न पडला. मग मी छोटी डिस्क काढून पंच्यात गुंडाळली आणि भावांना हाक मारली.

आता वाटणी. सी हा सामाईक, त्यात विंडोज राहणार. "विहीर समजा," मी म्हटलं, आणि ते दोघांनाही लगेच पटलं. सामाईक विहिरीची कल्पना त्यांना मला समजावून सांगता आली असती. मग आबांनी विचारलं, उगवतीकडचा वाटा कोणता? आमच्याकडे उगवतीकडचा वाटा थोरल्याचा. "डी," मी म्हटलं, "डी उगवतीकडे आहे." थोरल्याने समाधानाने टेबलाच्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे भिंत होती, पण भिंतीपलीकडे उगवत होती खरी.

सी ला दोन हजार दिले. उरलेले दोघांत सारखे करायला मी आकडा घातला. पण ती फ्लॉपी जमिनीसारखीच, हवा तसा तुकडा पाडू देत नसे. डिस्कवर आठ-आठ एमबीचे जणू वाफे पाडलेले असतात, त्यांच्या मधून कापता येत नाही. आकडे आले ते असे: डी चार हजार तीनशे त्रेचाळीस, ई चार हजार तीनशे एक्कावन्न.

"आठानं जास्त हाय त्याचं," थोरला म्हणाला.

"आठ एमबी म्हणजे काहीच नाही," मी म्हटलं. "दोन गाणीपण बसत नाहीत नीट."

"सवाल गाण्याचा न्हाई, मॅडम. ह्यानं बांध कोरला."

"मी कोरला?" धाकटा भडकला. "मी हात तरी लावला का त्या मशीनला?"

"तूच आणल्या न मॅडमला."

"आन मंग तू काहून न्हाई आणल्या?"

अर्धा तास. आठ एमबीवरून अर्धा तास. त्यात मागच्या पिढीतल्या आंब्याच्या झाडाचा विषय निघाला, कोणाच्या लग्नात कोणाला फेटा बांधला नव्हता तो निघाला, थोरल्याच्या बायकोने आतून एक वाक्य टाकलं, धाकट्याच्या बायकोने त्यावर दोन टाकली. मी पडद्याकडे बघत गंभीर चेहरा करून बसले. या आठ एमबीच्या पलीकडे चौसष्ट जीबीचं मोकळं रान पडलेलं होतं आणि ते मला एकटीला, म्हणजे दोघींना, दिसत होतं. हसू आवरायला मी दोनदा खोकले. बहिणीने मला पाणी आणून दिलं. ग्लास देताना तिनेही ओठ घट्ट मिटून धरले होते.

शेवटी आबांनीच निकाल दिला. "ते आठ बांध म्हणून सोडा. पड राहू द्या. कोणीच पेरायचं न्हाई." मी ई चे आठ कमी केले. दोघांचे त्रेचाळीस-त्रेचाळीस झाले, मधे आठाचा बांध. डिस्कवर बांध सोडणारी मी पहिलीच असेन. दोघा भावांनी आपापला आकडा वहीत लिहून घेतला आणि समाधानाने ड्रमकडे गेले. आबाही गेले. इंजिन सुरू झालं, हळद ड्रममध्ये घासली जाऊ लागली, आणि आत आम्ही काय बोलतोय ते बाहेर ऐकू येण्याची सोय संपली.

दोनला लाइन जायची. माझ्याकडे तासभर होता. मी निळी फ्लॉपी घातली. आकडा आला तो खरा, साडेचौऱ्याहत्तर. साडेदहाच्या पुढचं सगळं रिकामं.

"तुला काय वाटतं?" मी तिला विचारलं.

"तुमाला तकलीफ व्हईल पुढं," ती म्हणाली.

"मला विचारलं तर मी म्हणेन मोजणीत कमी भरलं."

ती पहिल्यांदा हसली. मग मी सी मध्ये विंडोज परत चढवलं, त्या रिकाम्या रानात तिच्यासाठी वेगळं घर बांधलं आणि छोट्या डिस्कवरचं तिचं सगळं तिथे उतरवलं. भावांच्या बाजूने बघितलं तर ते दिसणारच नाही असं झाकलेलं. तिच्यासाठी एक छोटी फ्लॉपी करून दिली. ती घालून संगणक चालू केला की तिचं घर उघडणार, तिची डिझाइनं, तिचे अर्ज, सगळं जागच्या जागी. न घालता चालू केला की भावांची विहीर आणि भावांचे वाटे. तिने ती फ्लॉपी दोनदा घालून काढून बघितली. दोन्ही वेळा बरोबर चाललं. मग तिने ती चिवड्याच्या डब्याखाली ठेवली. त्या घरात चिवड्याला दुसरं कोणी हात लावत नसावं.

लाइन बरोबर दोनला गेली. जेवण झालं. ठेचा इतका तिखट होता की वाटणीच्या भांडणानंतरसुद्धा दोघा भावांच्या डोळ्यांत एकाच वेळी पाणी आलं. चारला लाइन आली. थोरल्याने हात धुऊन पुसले, पॉलिथिनमधून स्टॅम्प पेपर काढला आणि प्रिंटरपाशी ठेवला.

"चल, काढ प्रिंट," तो बहिणीला म्हणाला.

ती खुर्चीवर बसली. तिने सी बघितलं, डी बघितलं, ई बघितलं. सावकाश, एकेक, सगळ्यांना दिसेल असं.

"न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई म्हणजे?"

"वाटणीत गेलं."

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमी तिचं सगळं काढून ठेवलं व्हतं न?"

"तिने सांगितलं ते सगळं काढलं," मी म्हटलं. हे खरं होतं.

"मंग आता परत आणा. तुमी तर मेलेला कॉम्प्युटर उठवता म्हणतात."

इथे माझी खरी परीक्षा होती. पुसलेल्या डिस्कवरून मी एकदा एका आडत्याचं सगळं परत आणलं होतं, आणि वसमतभर तो किस्सा मीच सांगत फिरले होते. वर फारसं नवं लिहिलेलं नसेल तर बऱ्याचदा जमतं. प्रयत्न केला असता तर कदाचित ती फाइल मिळालीही असती. माझा लौकिक जिथे सगळ्यात जास्त चमकला असता, नेमकी तिथे मी तोंड पाडून म्हटलं, "नाही हो. वाटणी झाल्यावर आधीचं काही उरत नाही." माझ्या आवाजात दुःखही होतं. ते खरं होतं, लौकिकाचं.

"मूळ मजकूर कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"टाइप झाल्यावर ह्यानंच फाडला," धाकटा थोरल्याकडे बोट करून म्हणाला. "म्हणे कुणाच्या हाती लागाय नको."

थोरला लाल झाला. पण तो भांडला नाही, कारण फाडला होता खरा. "ठीक हाय," तो म्हणाला. "परवा दुसरा लिहून आणू. तू परत टाइप कर. काय मोठं हाय त्यात."

"आणा," बहीण म्हणाली. ती अजून खुर्चीवरच होती, आणि पहिल्यांदाच मला ती त्या खुर्चीची मालकीण वाटली. "पयला मी नुसता टाइप केला व्हता, दादा. चूक होऊ नये म्हणून अक्षरं बघितले, मजकूर न्हाई. दुसरा आणला की मी वाचीन. वाचून मंग सांगते."

"काय सांगते?"

"किती हाय ते आधी मला मोजून दाखवा. मंग सांगते."

थोरल्याने आबांकडे बघितलं. आबांनीच तर सकाळी म्हटलं होतं, आधी मोजणी. म्हातारा उठला, बाहेर गेला आणि ड्रम का थांबवला म्हणून गड्यांवर ओरडू लागला. ड्रम सुरूच होता.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसरा मसुदा आला. तिने तो वाचला आणि परत दिला. भाऊ वर्षभर तिच्याशी धड बोलले नाहीत, वहिनी तर दोन वर्षं बोलल्या नाहीत. फार वाईट गेलं तिला ते, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं. पण मी वसमतला होते तोवर तिने सही केली नव्हती.

त्या दिवशी ती मला जीपपर्यंत सोडायला आली. रस्त्याकडेला उभ्या राहिलो. माझी छाती फुगलेली होती. चौसष्ट जीबी लपवले होते, दोन भावांना आठ एमबीवर भांडायला लावलं होतं, लौकिकावर पाणी सोडलं होतं. आपण काहीतरी केलं असं मला फार वाटत होतं. मी तिला एक लांबलचक भाषण दिलं, भिऊ नकोस, मागे हटू नकोस, हक्क आहे तुझा, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने क्लासात कधीच विचारला नव्हता तसा सरळ प्रश्न विचारला.

"मॅडम, तुमच्या माहेरी झाली का वाटणी?"

"झाली," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

"मंग तुमी सही केली व्हती?"

मला खोटं बोलता आलं असतं, त्या दिवशी हात चांगला बसला होता. पण आलं नाही. "केली," मी म्हटलं. भाऊबीजेला गेले होते, भावाने साडी दिली, जेवण झाल्यावर कागद पुढे केला. मी सही करताना हसून म्हटलंसुद्धा होतं की टायपिंग कोणी केलंय, ओळी किती वाकड्यातिकड्या आल्यात.

जीप आली. मागून कोणीतरी माझ्यासाठी सरकून जागा केली. मी एक पाय पायरीवर ठेवला.

"किती व्हती?" तिने विचारलं. "जमीन?"

मला माहीतच नव्हतं.